मला आवडलेले अनुबोधपट

या भाषणासाठीं मला विषय सुचविण्यांत आला तेव्हां मीं प्रथम विचारलें कीं, आपला कांहीं घोटाळा तर झाला नाहीं ना? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेंतील मास्तर. सारी हयात खडू, फळा आणि पाढे यांत गेली. चित्रपटांशीं माझा संबंध म्हणाल तर वर्षांतून एकदां जत्रेंत येणाऱ्या तंबूपुरता. अशा माणसानें अनुबोधपटांवर, म्हणजे इंग्रजींत ज्यांना डॉक्युमेंटरी म्हणतात त्या चित्रांवर, अधिकारवाणीनें काय बोलावें? तो अधिकार मला नाहीं. परंतु निवृत्त झाल्यापासून या चित्रांचा मला छंद जडला आहे हें खरें, आणि छंदाविषयीं बोलण्यास अधिकार लागत नाहीं, एवढ्याच आधारावर मी आपल्यापुढें आलों आहें.

आरंभींच एक कबुली दिली पाहिजे. लहानपणीं मला या चित्रांचा मनापासून कंटाळा होता. त्या काळीं मुख्य चित्रपटाच्या आधीं सरकारी अनुबोधपट दाखविणें चित्रगृहांस सक्तीचें होतें. फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था १९४८ सालीं निघाली. २०२२ सालीं तिचें काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेलें. मधल्या इतक्या वर्षांत तिनें हजारों लघुपट काढले. परंतु तंबूंत ते सुरू झाले कीं मोठीं माणसें विडी ओढण्यास बाहेर जात आणि आम्ही मुलें 'खरा शिनेमा केव्हां लागणार' म्हणून वाळूंत पाय घाशीत बसत असूं. ज्या चित्रांपासून मी तेव्हां पळत होतों, तींच आज शोधून शोधून पाहतों. वय झालें म्हणजे आवडीनिवडी अशा उलट्या फिरतात.

हें घडलें कसें तेंहि सांगतों. डोळ्यांत मोतीबिंदु वाढूं लागला आणि वर्तमानपत्राचीं अक्षरें पुसट झालीं. वाचन हाच ज्याचा विरंगुळा, त्याला संध्याकाळ खावयास उठते. माझी नात इंग्रजी शाळेंत शिकते. ती म्हणाली, "आबा, वाचायला येत नसेल तर मोठ्या पडद्यावर बघा तरी." तिनें घरांतील दूरचित्रवाणी संच इंटरनेटला जोडला आणि मला एकेक चित्र लावून देऊं लागली. माझें इंग्रजी मॅट्रिकचें, तेंहि गंजलेलें. साहेबाचें भरभर बोलणें समजत नाहीं. तेव्हां ती मधून मधून चित्र थांबविते आणि अर्थ सांगते. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकविलें त्याला नातीपुढें विद्यार्थी होऊन बसण्यांत एक निराळेंच सुख आहे. पुढें शस्त्रक्रिया झाली, अक्षरें पुन्हां स्वच्छ दिसूं लागलीं. पण संध्याकाळचा हा वर्ग आम्हीं मोडला नाहीं.

आतां चित्रांकडे वळतों. आरंभ आपल्याच माणसापासून करूं. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला हें शाळेंतील मूलहि सांगेल. परंतु त्याच्या आधींच्या वर्षीं त्यांनीं एक लहानशी फीत तयार केली होती, तिचें नांव 'अंकुराची वाढ'. कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरावयाचा, समोर कॅमेरा मांडावयाचा आणि महिनाभर रोज थोडें थोडें चित्रण करावयाचें. मग ती फीत पडद्यावर सोडली कीं दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढूं लागते, आणि हें सर्व एकदोन मिनिटांत! ही फीत दाखवूनच त्यांनीं भांडवल घालणाऱ्याचें मन वळविलें. मला या गोष्टीचें फार नवल वाटतें. वाटाणा रोज आपल्या डोळ्यांसमोर वाढत असतो, पण त्याला वाढतांना कोणीं पाहिलें आहे? आपण आज पाहतों, उद्यां पाहतों; मधलें निसटून जातें. तें निसटलेलें धरून ठेवणें, हेंच उत्तम अनुबोधपटाचें काम आहे अशी माझी समजूत झाली आहे.

फाळक्यांची ती युक्ति आज कोठवर पोंचली आहे हें पाहावयाचें असेल तर बी. बी. सी. ची 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लांट्स' ही १९९५ सालची सहा भागांची मालिका पाहावी. वनस्पतींचें खाजगी जीवन, असा त्या नांवाचा अर्थ. निवेदक आहेत डेव्हिड ॲटनबरो. त्यांत ब्रॅम्बल नांवाच्या एका कांटेरी झुडुपाचें दृश्य आहे. आपल्याला तें मुकाट उभें असलेलें कुंपण दिसतें. पण कित्येक दिवसांचें चित्रण कांहीं क्षणांत दाखविल्यावर त्याचे फांटे चाचपडत पुढें सरकतात, उलट्या कांट्यांनीं दुसऱ्या झाडाला पकडतात आणि अंगावर चढून जातात. माझी नात तर दचकून मागें सरली. मीं मुलांना 'वनस्पति एका जागीं स्थिर असतात' असें वर्षानुवर्षें शिकविलें. तें खोटें नव्हतें. पण वनस्पतींची हालचाल पाहण्याइतका वेळ मजजवळ नव्हता, हें मात्र त्या दिवशीं कळलें.

येथें कोणी शंका घेईल कीं, या चित्रांत दाखवितात तें सगळें खरेंच असतें काय? शंका योग्य आहे, आणि तिचें उत्तर 'नाहीं' असें आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा १९२२ सालचा मूकपट या प्रकाराचा आद्य नमुना म्हणून गाजला. कॅनडांत हडसन उपसागराच्या कांठीं राहणाऱ्या एस्किमो लोकांचें, म्हणजे ज्यांना आतां इनुइट म्हणतात त्यांचें, जीवन त्यांत आहे. परंतु नायकाचें खरें नांव नानूक नव्हतें. त्या लोकांच्या हातीं त्या काळीं बंदुका आलेल्या होत्या, तरी चित्रासाठीं त्यांनीं भाल्यानें शिकार करून दाखविली. बर्फाच्या घरांत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना, म्हणून घर मोठें बांधून एका बाजूनें उघडें ठेवलें, आणि त्या उघड्या घरांत थंडींत कुडकुडत त्या कुटुंबानें झोपण्याचें आणि उठण्याचें काम केलें.

तसाच 'नाइट मेल' हा १९३६ सालचा इंग्लंडांतील टपालखात्याचा पट. लंडनहून स्कॉटलंडकडे रात्रभर धांवणारी टपालगाडी हा त्याचा विषय. धांवत्या गाडीच्या जाळ्यांत रुळांकडेची टपालाची थैली कशी झेलली जाते तें पाहून छाती धडधडते. पण डब्यांत उभे राहून पत्रें वेगळीं करणारे जे कारकून दिसतात, तो डबा स्टुडिओंत उभारलेला होता. गाडी हालते आहे असें वाटावें म्हणून ते बिचारे जागच्या जागीं डुलत होते. तरीहि पत्रें वेगळीं करणारे ते हात खऱ्या टपाल-कामगारांचेच आहेत. हें ठाऊक झाल्यावर मला त्या चित्राचा राग आला नाहीं. मात्र एक धडा मिळाला: पडद्यावर दिसलें म्हणजे घडलेंच असें नव्हे. कॅमेरा कोठें उभा होता, कोणीं उभा केला आणि कशासाठीं, हे तीन प्रश्न मनांत ठेवून बसावें. मी नातीलाहि हीच संवय लावतों आहें.

आतां आपल्या देशांतील एका विलक्षण लघुपटाविषयीं सांगतों. फिल्म्स डिव्हिजननें १९६७ सालीं 'आय ॲम ट्वेंटी' नांवाचा पट काढला. दिग्दर्शक एस. एन. एस. शास्त्री. कल्पना अगदीं साधी. देश स्वतंत्र होऊन वीस वर्षें झालीं. तेव्हां स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, वीस वर्षांच्या तरुणतरुणींना गांठून विचारावयाचें, तुमचें काय चाललें आहे आणि पुढें काय करणार? कोणी उमेदीनें बोलतो, कोणी चाचरत. कोणी मोठमोठीं स्वप्नें सांगतो, तर कोणी स्पष्ट नाराजी दाखवितो. सरकारी पैशानें काढलेल्या चित्रांत ती नाराजी गाळलेली नाहीं, हें मला विशेष वाटलें. अवघ्या वीस मिनिटांचा हा पट यूट्यूबवर पाहावयास मिळतो. तो संपल्यावर मात्र मन अस्वस्थ होतें. रेल्वेच्या डब्यांत बसून बोलणारा तो तरुण पुढें कोठें उतरला? त्या मुलींचें काय झालें? ती मंडळी आज ऐंशीच्या घरांत आलीं असतील. त्यांच्या विसाव्या वर्षाचें चित्र आपल्याजवळ आहे, पुढचें नाहीं.

हें पुढचें चित्र पाहण्याची सोय ज्या एका मालिकेंत झाली आहे, ती माझ्या सर्वांत आवडीची. किंबहुना तिच्याविषयीं बोलावें म्हणूनच मीं हें भाषण देण्याचें कबूल केलें.

इंग्लंडांत १९६४ सालीं ग्रॅनडा दूरचित्रवाणी कंपनीनें 'सेव्हन अप' नांवाचा कार्यक्रम केला. सात वर्षांचीं चौदा मुलें निवडलीं. कांहीं श्रीमंतांचीं, कांहीं मजुरांचीं, एक शेतकऱ्याचा, दोघे बालकाश्रमांतले. माणूस कसा निपजणार हें सातव्या वर्षींच ठरून जातें आणि तें बहुतेक त्याच्या बापाच्या पैशावर ठरतें, असें दाखविण्याचा त्यांत हेतु होता. मायकेल ॲप्टेड नांवाचा एक तरुण मुलें शोधण्याच्या कामावर होता. सात वर्षांनीं तो त्याच मुलांकडे पुन्हां गेला. पुन्हां सात वर्षांनीं गेला. आणि असा जातच राहिला. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या वर्षीं, तेथून थेट त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत. नववा पट २०१९ सालीं निघाला आणि २०२१ सालीं ॲप्टेड वारले. एका माणसानें पंचावन्न वर्षें त्याच मुलांच्या दाराशीं पुन्हां पुन्हां जाऊन 'कसें काय चाललें आहे' असें विचारावें, याला दुसरी तोड मला ठाऊक नाहीं. फाळक्यांनीं दाण्याचें केलें तें यानें माणसाचें केलें.

त्यांत नील नांवाचा मुलगा आहे. सातव्या वर्षीं डोळ्यांत चमक, तोंडावर हंसूं. मोठेपणीं अंतराळवीर होणार, तें न साधलें तर प्रवासी गाडी हांकणार, म्हणतो. कोणत्याहि मास्तरानें पहिल्या बांकावर बसविला असता. एकविसाव्या वर्षीं तो विद्यापीठ सोडून मजुरी करतांना दिसतो. अठ्ठाविसाव्या वर्षीं तो बेघर होऊन स्कॉटलंडांत भटकत असतो, आणि मनाची स्थितीहि ठीक नसते. तें दृश्य पाहून मीं चित्र बंद करण्यास सांगितलें. पण नात म्हणाली, "आबा, अजून भाग आहेत." आणि खरोखरच होते. पुढें तोच नील नगरसेवक म्हणून निवडून आलेला दिसतो. तो लंडनला आला तेव्हां त्याला आपल्या घरीं आसरा कोणीं दिला? त्याच चौदा मुलांतील ब्रूस नांवाच्या एकानें, जो मोठेपणीं शिक्षक झाला होता आणि कांहीं काळ बांगलादेशांतील सिल्हेट येथें जाऊन शिकवीत होता.

निक नांवाचा शेतकऱ्याचा मुलगा आहे. यॉर्कशरच्या दऱ्याखोऱ्यांतला, बुजरा. तो ऑक्सफर्डला शिकून अमेरिकेंत विस्कॉन्सिन विद्यापीठांत प्राध्यापक झाला. नवव्या पटांत तो दुर्धर आजाराविषयीं शांतपणें बोलतो; २०२३ सालीं तो वारला. चौदांत मुली मात्र चारच. १९६४ सालीं त्या पुढारलेल्या देशांतहि निवड करणारांस मुलींचें पुढें काय होईल हें तितकें पाहण्याजोगें वाटलें नाहीं. ॲप्टेडना या गोष्टीचा पुढें पश्चात्ताप झाला. एका मुलानें एकविसाव्या वर्षानंतर मालिकेंतून कायमचें अंग काढून घेतलें. गंमत अशी कीं, तो स्वतः दूरचित्रवाणीसाठीं अनुबोधपट काढण्याच्या व्यवसायांत शिरला!

परंतु मला ज्या एका प्रसंगानें झोप येऊं दिली नाहीं तो टोनीचा. टोनी लंडनच्या गरीब वस्तींतला, दांडगा, शर्यतीच्या घोड्यावर बसण्याची स्वप्नें पाहणारा. तो एकवीस वर्षांचा झाला तेव्हां ॲप्टेडना वाटलें, हा मुलगा आतां बिघडणार, तुरुंगांत जाणार. म्हणून त्यांनीं त्याला गाडींतून गुन्हेगारीच्या वस्त्यांतून फिरवून तें चित्रण करून ठेवलें. पुढल्या भागाला उपयोगी पडेल अशा हिशेबानें. टोनी तुरुंगांत गेला नाहीं. तो लंडनचा टॅक्सीवाला झाला, संसारी झाला, मुलांचा बाप आणि पुढें आजोबा झाला. ॲप्टेडनीं पुढें मोकळेपणानें कबूल केलें कीं आपली ती चूक होती. माणसाचें भविष्य आधींच लिहूं नये हें आपण त्यावरून शिकलों.

श्रोतेहो, अशी एक चूक माझ्याहि हातून झालेली आहे, आणि ती सांगितल्यावांचून हें भाषण पुरें करणें मला अप्रामाणिकपणाचें वाटतें.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. पाढे येत नसत, विचारलें तर खालीं मान घालून उभा राही. वार्षिक परीक्षेनंतर मीं त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिला: 'बुद्धि मंद. पुढील शिक्षणाचा उपयोग दिसत नाहीं.' दोन ओळी. लिहिण्यास अर्धें मिनिटहि लागलें नसेल, कारण तशीं पन्नास पुस्तकें समोर होतीं. मुलगा पुन्हां शाळेंत दिसला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मी त्याला विसरूनहि गेलों.

निवृत्तीनंतर घराच्या पायऱ्या खचल्या म्हणून गवंडी बोलाविला. मध्यम वयाचा गृहस्थ. पायऱ्यांकडे एकदां पाहून त्यानें विटा किती, वाळू किती, सिमेंट किती हें तोंडीं सांगितलें. मीं कागदावर मांडून पाहिलें तों हिशेब बरोबर. मीं कौतुकानें म्हटलें, "शिकला असतास तर इंजिनियर झाला असतास." तो म्हणाला, "शिकायचंच होतं, गुरुजी. पण तुम्हीच पुस्तकात लिहून दिलं होतं. बापाला वाचता येत नव्हतं, त्यानं दुसऱ्याकडून वाचून घेतलं. म्हणाला, गुरुजी खोटं लिहिणार नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मला कामावर घातलं."

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर मला सोपें गेलें असतें. त्यानें पाणी मागितलें आणि तो माल कालवूं लागला. त्या पायऱ्यांवरून मी रोज चढतों उतरतों.

ॲप्टेडना सात वर्षांनीं परत जाऊन आपला अंदाज खोटा ठरलेला पाहतां आला, आणि तो सर्व जगाला दाखवितां आला. शिक्षकाला ती सोय नसते. मूल त्याच्यासमोर चार वर्षें असतें आणि मग निघून जातें. दाण्यावर माती असतांनाच तो उगवणार नाहीं असें लिहून टाकण्याचा मोह आम्हांला होतो, आणि आमच्या शेऱ्यावर विश्वास ठेवणारीं भाबडीं माणसें अजून आहेत. म्हणून माझी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना, तसेंच आईबापांनाहि, विनंती आहे कीं, कांहींहि करून ही मालिका पाहावी. सगळी न जमली तर निदान सातव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या वर्षांचे भाग पाहावे.

शेवटीं एकाच लघुपटाचें नांव घेतों. सत्यजित राय यांनीं १९७२ सालीं 'द इनर आय', म्हणजे 'अंतश्चक्षु', नांवाचा सुमारें वीस मिनिटांचा पट काढला. शांतिनिकेतनांतील चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी हे राय यांचे गुरु. जन्मापासूनच दृष्टि अधू. पन्नाशी उलटल्यावर शस्त्रक्रियेनंतर ती पूर्णच गेली. चित्रकाराचे डोळे गेले म्हणजे त्याच्या पुस्तकावर कोणीहि अखेरचा शेरा लिहून मोकळा होईल. पण त्यानंतरहि ते रेखाटनें करीत राहिले, आणि फरशांच्या तुकड्यांचें मोठें भित्तिचित्र त्यांनीं हातांच्या स्पर्शानें रचलें. तें काम करणारे हात राय यांनीं कसलाहि गहिंवर न आणतां दाखविले आहेत. मीं हा पट डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यांत पाहिला. भीति गेली असें म्हणत नाहीं. पण ती बरीच कमी झाली.

यांपैकीं कांहीं चित्रें इंटरनेटवर फुकट मिळतात, कांहींना वर्गणी भरावी लागते. घरांतील मुलांना नांवें सांगितलीं कीं तीं शोधून देतात. एका बैठकींत एकच चित्र पाहावें. संपल्यावर लगेच दुसरें लावूं नये; पांच मिनिटें दिवा लावून, पाहिलें त्याविषयीं आपसांत बोलावें. आणि शक्य तर एकट्यानें पाहूं नये. म्हाताऱ्यानें नातवंडाला जवळ घ्यावें. त्याला भाषा समजते, आपल्याला काळ समजतो.

आजचें चित्र कोणतें लावावें यावर माझी नात आणि मी यांचें अजून ठरलेलें नाहीं. तेव्हां आपली रजा घेतों.